ओढणाऱ्याची बाजू

१२ जानेवारी

नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन गेलेल्या माझ्या लेकास,

आशीर्वाद पाठवते. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तो माणूस सोमवारपासून आपल्या वखारीत कामाला लागला. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. सकाळी तुरुंगाची गाडी त्याला फाटकाशी सोडते आणि संध्याकाळी घेऊन जाते. सोबत एक शिपाई असतो. तो दिवसभर फाटकाजवळ खुर्ची टाकून मोबाइल बघतो आणि जांभया देतो.

कोर्टात तू 'आईने बाबांना विकलं' असं ओरडून दार आपटून गेलास. सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या लेथवाल्याची बायको तर दोन दिवस माझ्याशी असं दबकून बोलत होती, जसं काही मीच पहार घेऊन उठले होते. थांबला असतास तर मला काय विचारलं होतं ते तरी कळलं असतं. भरपाई कक्षाच्या बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "पूर्वी गुन्हेगाराला किती वर्षं डांबायचं एवढंच बघायचे. आता आम्ही आधी ज्याचं नुकसान झालं त्याला विचारतो. तुमचं काय गेलं? त्यातलं काय भरून घेता येईल?" मी म्हटलं, माझा माणूस गेला. "पण ते तर जिवंत आहेत," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, एकदा घरी येऊन बघा. त्या आल्या, खाटेजवळ उभ्या राहिल्या, आणि हातातला कागद घडी करून पिशवीत घातला.

दोनच वाटा होत्या. एक, त्याने दहा वर्षं आत बसायचं आणि माझ्या हाती धुपाटणं. दुसरी, त्याने जे मोडलं ते माझ्या डोळ्यांसमोर राबून भरून द्यायचं, मी 'भरलं' म्हणेपर्यंत. काम टाळलं की परत आत. मी म्हटलं, मला करवतीवर माणूस हवा, आणि सही केली. आता तर तूही गेलास. ज्या वखारीत मालकाचं डोकं फोडलं तिथे कामाला कोण येणार? दोन गडी येऊन गेले. बाबांची खाट बघितली आणि 'उद्या येतो' म्हणाले. त्यांचा उद्या अजून उगवायचाय. वखार बंद पडली की ही जागा कोणाच्या घशात जाईल हे तुला सांगायला नको. ज्या बिल्डरने बाबांवर चालून आलेल्या या तिघांना पाठवलं तो मोकळा आहे. 'मी फक्त बोलणी करायला माणसं पाठवली होती,' म्हणाला आणि रुमालाने मान पुसत घरी गेला.

बाकीचे दोघे पळाले ते पळालेच. हा सापडला, कारण हा पळाला नाही. घरात मला करवतीचा आवाज येत होता, पण लाकूड चिरताना येतो तसा नाही, रिकामा. म्हणून धावत आले. तुझे बाबा खाली पडले होते, कवटीचं हाड पांढरं दिसत होतं, एक डोळा उघडा होता आणि त्यात भुसा गेला होता. आणि हा आपल्या वखारीतलीच पहार हातात धरून उभा. रक्त वाहत त्याच्या चपलेखाली आलं तरी त्याने पाय हलवला नाही.

त्याचं नाव मी घेत नाही. मी त्याला पहाऱ्या म्हणते. पहाऱ्या, ओंडका आण. तो आणतो.

नशीब की तू तेव्हा मशीनचं ग्रीस आणायला बाजारात गेला होतास. तू जे कोर्टात सांगितलंस तेच मीही सांगितलं. तू इथे असतास तर तिघांनाही उभं चिरलं असतंस, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

रागावलास तरी जेवत जा.

तुझी आई


३ फेब्रुवारी

उत्तर न देणाऱ्या लेकास,

टपाल नीट पोचतं, मी चौकशी केली. म्हणजे तू वाचतोस आणि मूग गिळून बसतोस. बस.

पहाऱ्याला काम मी शिकवलं. तुझ्या बाबांनी मला नि मग तुला जसं शिकवलं तसंच. ढकलणारा ओंडका पात्याकडे लोटतो, ओढणारा पलीकडून चिरलेलं टोक धरतो. ढकलणाऱ्याने 'ओढ' म्हटल्याशिवाय ओढायचं नाही, आणि ओढायचं ते एका लयीत. हिसका दिला तर लाकूड पुढे सरकतं आणि ढकलणाऱ्याचे हात त्याच्यामागून पात्यात जातात. बाबा म्हणायचे, ढकलणाऱ्याचे हात ओढणाऱ्याकडे गहाण असतात. हे सांगितलं तेव्हा पहाऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"म्हणजे माझे हात तुमच्याकडे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "नीट वाग."

ओढायच्या बाजूला मी उभी राहते. दुसरं आहेच कोण?

पहिली थोबाडीत मी त्याला तिसऱ्या दिवशी मारली. ओंडका त्याच्या खांद्यावरून घसरला आणि माझ्या पायाशी पडला. चूक लाकूड ओलं असण्याची होती. पण माझा हात उठला. फाडकन आवाज झाला, शिपायाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा मला कळलं की मला कोणी अडवणार नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आता रोजचंच झालंय. कधी थप्पड, कधी फळीच्या काठाने पोटरीवर. परवा फळीला निघालेला खिळा त्याच्या मांडीत गेला. त्याने तो स्वतःच उपटला आणि विचारलं, "हीच फळी पुढे घेऊ का?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, ओरड ना! तुझे बाबा ओरडले असतील तेव्हा करवत चालू होती, मला ऐकूसुद्धा आलं नाही. याने ओरडावं आणि मी ऐकावं, एवढंच मला हवंय.

मी त्याला आत नेऊन बाबांच्या खाटेसमोर उभं केलं. म्हटलं, बघ. बाबांनी त्याला बघितलं मात्र, त्यांचं अंग आक्रसलं, भिंतीला चिकटले, चादर ओली झाली. नाव-गाव, मी, तू, काही त्यांना आठवत नाही. पण अंगाला आठवलं. तरी मी त्याला तिथे धरून ठेवलं. जितका वेळ बाबा थरथरत होते तितका वेळ. त्याला शिक्षा द्यायच्या नादात मी कोणाला छळत होते ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. चादर त्यानेच धुतली. मी धुवायला लावली.

बाबांचा आता एकच शब्द उरलाय. ओढ. पाणी हवं असलं तरी ओढ, कूस बदलायची असली तरी ओढ. डॉक्टर म्हणतात, डोक्यात जे सगळ्यात खोल रुजलेलं असतं तेवढं राहतं. माझं नाव तिथे नव्हतं. असो.

तुझी आई


२१ फेब्रुवारी

लेकरा,

तुझं पत्र आलं. आलं म्हणजे काय, दोनच ओळी. 'तो तिथे आहे तोवर मी उंबरा ओलांडणार नाही. ओलांडला तर त्याला करवतीत घालायलाच.' अक्षर मात्र तुझं अजून सरळ आहे हो.

मी ते पत्र पहाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला धाक बसावा म्हणून. तो ओंडक्याची साल काढत होता. ऐकून घेतलं आणि साल काढत राहिला. मी म्हटलं, "माझा मुलगा काय चीज आहे ते तुला ठाऊक नाही. त्या दिवशी तो असता तर तुझी खांडोळी झाली असती." आता मी त्याला हे रोज ऐकवते. सकाळी करवत सुरू करताना, दुपारी पातं थंड होईपर्यंत बसलो की, संध्याकाळी करवतीखालच्या खड्ड्यातला भुसा भरताना. माझा मुलगा असता तर. माझा मुलगा असता तर. त्याच्या जबड्याची शीर उडते, एवढंच.

दुसरी गोष्ट सांगते ती तुला आवडणार नाही. मलाही आवडलेली नाही. माझी कंबर धरली होती, बाबांना न्हाणीत न्यायला मला उचलवेना. पहाऱ्याने न विचारता त्यांना उचललं. मी काठी घेऊन मागे उभी होते. पहिल्या खेपेला बाबांनी त्याच्या गालाचा लचका तोडला, रक्त आलं. दुसऱ्या खेपेलाही बोचकारलं. पण आठवड्याने त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला आणि 'ओढ' म्हणाले. हळूच. मला कधी इतकं हळू म्हणाले नाहीत.

त्या दिवशी मी त्याला सगळ्यात जास्त मारलं. वखारीत नेऊन, हाताला सापडलेल्या दांडक्याने, पाठीवर, खांद्यावर, मान चुकवून. दांडकं मोडलं तेव्हा थांबले. गळ्याजवळचं एक हाड तडकलं म्हणे त्याचं. भरपाईच्या बाई मंगळवारी आल्या, त्याचा हात झोळीत बघितला आणि विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काकूंना विचारा." बनेलपणा बघ. मी म्हटलं, लाकडांच्या थप्पीवरून पडला. बाईंनी त्याची झोळी नीट केली. मग म्हणाल्या, "काकू, भरपाई म्हणजे वसुली नव्हे." मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याचं डोकं शाबूत आहे ना, मग शिकवा मला.

हाड जुळेपर्यंत तो ओंडके उचलत नाही, नुसता ढकलतो. ऑर्डर वेळेवर गेल्या. बिल्डरचा माणूस फाटकाबाहेर गाडी उभी करून बघून गेला. करवत चालू बघून त्याचं तोंड पडलं. तेवढं मात्र गोड लागलं.

तू येऊ नकोस. म्हणजे, ये. पण असा नको.

तुझी आई


९ मार्च

बाळा,

वखारीत अपघात झाला.

नाही. पुन्हा सुरुवात करते. तुला मी आजवर खोटं लिहिलं असेल तर ते तुझ्या भल्याचं होतं, हे खोटं माझ्या भल्याचं होईल.

दुपारी आम्ही शेवटचा ओंडका घेतला होता. वीतभर चिरायचा राहिला होता, म्हणजे त्याचे हात पात्याच्या अगदी जवळ होते. मी नेहमीचं पालुपद लावलं होतं. करवतीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "माझा मुलगा असता तर तू आज हे हात हलवायला जिवंत नसतास." आणि त्याने मान वर केली आणि म्हणाला,

"होता की."

मी म्हटलं, "काय?"

"होता. तिथे. भुशाच्या खड्ड्यात."

मी हिसका दिला.

विचार करून दिला का? नाही. पण हात सुटला असंही नाही. मी माझ्या दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून ते लाकूड माझ्याकडे खेचलं. इतकी वर्षं मी त्या जागेवर उभी आहे, हिसका दिला की काय होतं ते मला ठाऊक होतं. पातं अडखळलंसुद्धा नाही. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं फळीबरोबर माझ्याकडे आली. माझ्या तोंडावर, दातांवर रक्त उडालं. आणि तो ओरडला. मला हवा होता तसाच ओरडला, अगदी आतड्यापासून. आतल्या खाटेवरून बाबाही ओरडायला लागले, ओढ, ओढ, ओढ. शिपायाचा मोबाइल पडून फुटला.

मी टॉवेलने त्याचा पंजा आवळून बांधला. लेथवाल्याने गाडी काढली. ते गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून भुशात बोटं शोधली. एक सापडलं. नखाखाली साल अडकलेली होती. बर्फात घालून मी दवाखान्यात पळाले, पण डॉक्टरांनी मान हलवली. दुसरं मिळालंच नाही, खड्ड्यात गेलं असावं.

परत आले आणि त्या खड्ड्याच्या काठावर किती तरी वेळ बसले.

आता बाबांना जेवू घालायचंय. पुढचं मग लिहीन.

आई


२ एप्रिल

बाळा,

हे पत्र तू बसून वाच.

चौकशी झाली. भरपाई कक्षाची ती खोली तू बघितलेली नाहीस. लांब टेबल, सहा खुर्च्या, खिडकीत एक सुकलेली कुंडी, आणि पंखा असा आवाज करतो की वंगण घालायला माझे हात शिवशिवत होते. बाई मध्ये बसल्या. शिपाई म्हणाला, अपघात. त्याला स्वतःच्या नोकरीची काळजी. बाईही अपघात म्हणून प्रकरण मिटवायला तयार दिसल्या. पहाऱ्या पांढऱ्या बोळ्यासारखा हात मांडीवर घेऊन बसला होता.

मग बाई त्याच्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमचं काय गेलं? त्यातलं काय भरून घेता येईल?"

तेच शब्द. तोच आवाज. मला विचारलं होतं ना, तसंच. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "अपघात नाही. मी हिसका दिला. मुद्दाम. आणि ते गळ्याचं हाडसुद्धा मीच मोडलंय."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "काकू, खाली बसा. आता तुम्ही त्या बाजूच्या खुर्चीत बसा." ती त्याची खुर्ची होती. आम्ही जागा बदलल्या. हसू नकोस, खरंच बदलल्या. त्याच्या बुडाने तापलेल्या खुर्चीत मी बसले आणि तो माझ्या.

तिथे त्याने सगळं सांगितलं. मी विचारलं म्हणून. मी म्हटलं, आता माझ्या तोंडावर सांग, त्या दिवशी काय झालं. तो खाली बघून सांगत होता. तुला ते ठाऊक आहे, पण तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिते.

हे तिघे मागून आत शिरले. बाबांनी त्यांना आधी बघितलं आणि तुला खड्ड्यात ढकललं. वर दोन फळ्या ओढल्या आणि त्या फळ्यांवर पाय रोवून उभे राहिले. पहाऱ्या म्हणाला, "पुढचं दार सताड उघडं होतं. ते पळू शकले असते. आम्हाला त्यांनी पळावं असंच वाटत होतं. भीती घालायला आलो होतो. पण ते जागचे हलेनात. मला वाटलं, खाली काहीतरी दडवलंय."

मी विचारलं, "पहिला घाव कोणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "तिन्ही माझेच. ते हलले असते तर मारलं नसतं असं मी म्हणत नाही. मारलंच असतं. पण एकदाच मारलं असतं."

ऐकलंस? हा माणूस असा आहे. त्याला साधुपुरुष बनवून मी तुझ्यापुढे आणत नाहीये. तिसऱ्या घावाला बाबा पडले, फळी सरकली आणि फटीतून त्याला तुझे डोळे दिसले. आणि तुला त्याचे. बाकीच्या दोघांनी विचारलं, काय आहे रे खाली? तो म्हणाला, भुसा. चला, संपलं. ते पळाले. त्याचे पाय उचलेनात.

त्या रात्री दवाखान्यात तुझ्या कानात भुसा होता. वखारीतल्या माणसाच्या कानात भुसा असायचाच, असं मी मनाला समजावलं. तुझ्या पाठीवर फळीचा वळ होता. तोही मी बघितला आणि बघितला नाही.

मला तुझा राग आला, बाळा. कशाला लपवू. चोवीस वर्षांचा धटिंगण, एका हाताने ओंडका फिरवणारा, आणि बापाचं डोकं फुटताना खाली निपचित पडून राहिला. खड्ड्याकाठी बसून मी तुला नाही नाही ते बोलले. बरं झालं तू समोर नव्हतास. मग विचार केला, तू उठला असतास तर काय? वरून फळ्यांवर बाबांचं वजन, समोर तिघे, एकाच्या हातात पहार. मी धावत आले असते आणि दोन डोकी फुटलेली बघितली असती. बाबा तीन वेळा मार खाऊन हलले नाहीत ते कशासाठी? तू बाहेर आला असतास तर त्यांचे तिन्ही घाव फुकट गेले असते. ते आज बोलू शकत असते तर त्यांनी मला हेच सांगितलं असतं, आणि वर, पोराला रागावलीस तर खबरदार, असंही म्हणाले असते.

तू माझ्या सहीवर रुसून गेलास असं मी समजत होते. तू माझ्यावर रुसला नव्हतास. तुला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि ज्याला करवतीत घालीन म्हणतोस, त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, तुला तिथे बघितलेले डोळे. तुला ते मिटवायचेत. मलाही तेच करायचं होतं. माझ्या मुलाचा जीव या माणसाने तोंड न उघडल्यामुळे वाचला, हे मला सहन झालं नाही, म्हणून मी त्याची बोटं घेतली. त्याने आधीच आपल्याकडून एवढं घेतलं होतं, आता त्याचे उपकारही डोक्यावर घेऊ? नाही मानत मी उपकार. पण बोटं मी घेतली, ती मला भरून द्यायची आहेत.

बाईंनी त्याला पुन्हा विचारलं, काय हवं? मला वाटलं, सुटका मागेल. मागितली असती तर कदाचित मिळालीही असती. तो म्हणाला, "मला आत जायचं नाही. काम संपवायचंय. पण काकू ओढायला नकोत. त्या समोर असल्या की माझे हात थांबतात."

"मग कोण?" बाईंनी विचारलं.

"मुलगा."

बाई म्हणाल्या, "अहो, त्याने तुम्हाला करवतीत घालायची धमकी दिलीय."

"ऐकलंय मी," तो म्हणाला. "काकूंनी वाचून दाखवलंय. पण मी उभा राहीन तर त्याच्याच समोर. आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलेलं आहे. आम्हाला एकमेकांना काही समजावून सांगावं लागणार नाही."

मी बाईंना म्हटलं, हे कसलं मागणं? बाई म्हणाल्या, "त्याचं नुकसान झालंय, मागणं त्याचं. तुमचं मागणं तरी आम्हाला कुठे कळलं होतं?"

तर ठरलं ते असं. तो आहे तोवर मी करवतीला हात लावायचा नाही. त्याच्या पंजाची मलमपट्टी मी करायची, रोज, तो सांगेल तोवर. केली आज. जखमेवरचा कापूस काढताना तो माझ्या केसांकडे बघत होता आणि मी त्याच्या बोटांच्या खुंटांकडे. दोघांनीही दात आवळले होते. महिनाअखेरपर्यंत ओढायच्या बाजूला माणूस उभा राहिला नाही तर तो परत आत जाईल, करवत बंद होईल, आणि फाटकाबाहेरची ती बिल्डरची गाडी आत येईल. तुझ्यावाचून हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तू ये म्हणून मी गळ घालत नाही. काय आहे ते सांगते.

आलास तर तुला हिसका द्यावासा वाटेल. मला वाटला, तुलाही वाटणार. तो 'ओढ' म्हणेल, त्याचा अर्धा पंजा पात्याजवळ असेल, आणि तुझ्या हातात लाकूड असेल. त्या वेळी मी आत बाबांजवळ बसलेली असेन आणि कान तुझ्याकडे असतील. दिलास तर मी त्याच खोलीत जाऊन तुझ्याविरुद्ध बोलेन. तुझ्यासाठी एकदा खोटी साक्ष दिली, आता देणार नाही. माझी स्वतःची दिली नाही, तर तुझी कुठून देऊ?

आणि नाही दिलास, तर करवत बंद करून संध्याकाळी दोघेही आत या. बाबांना न्हाणीत न्यायचं असतं. माझ्या कंबरेला ते पेलत नाहीत आणि त्याच्या एका हाताने आता उचलले जात नाहीत. एका बाजूने तो धरेल. दुसरी तू धर.

आई